अकरा महिन्यांची बोली

१८ नोव्हेंबर २०२३, शनिवार

मागच्या महिन्यात अंधेरीच्या एका हॉटेलात छोट्या गुंतवणूकदारांसाठी दिवसभराची शिकवणी होती. फी तीन हजार, जेवण धरून. टाय लावलेला माणूस म्हणाला, प्रत्येक व्यवहाराची डायरी ठेवा आणि प्रत्येक चुकीखाली एक ‘धडा’ लिहा, म्हणजे तीच चूक पुन्हा होत नाही. जेवण बरं होतं, म्हणून त्याचं एवढं एक ऐकते आहे.

मी रश्मी, वय बावन्न. लग्न केलं नाही, घाटकोपरला वडिलांबरोबर राहते. बँकेत अठ्ठावीस वर्षं काढली, त्यातली वीस वर्षं लोकांच्या सह्या जुळवण्यात गेली. ऑगस्टमध्ये स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि जे हातात आलं ते सगळं चारकोपच्या सेक्टरमधल्या एका तळमजल्याच्या खोलीत घालते आहे. तिचं भाडं येईल त्यात बाबांची औषधं आणि पुढे माझं म्हातारपण. दुसरा आधार नाही, हे इथे लिहून ठेवलेलं बरं.

खोली जानकीबाईंच्या नावावर आहे. मालवणकडच्या, सत्तरी ओलांडलेल्या. यजमान धाकू गिरणीत होते, जाऊन नऊ वर्षं झाली. व्यवहार सगळा मुलगा सुशांत बघतो. एजंट चंद्रप्रकाश म्हणतो, म्हातारी गावाला चाललीय म्हणून एवढ्यात मिळतेय, नाहीतर विसरा. कागद मी स्वतः तपासले, वकिलाला दाखवले. काही म्हणता काही खोट नाही.

२० नोव्हेंबर, सोमवार

झालं. खोली माझी झाली.

नोंदणी कार्यालयात तीन तास बसलो. जानकीबाई नवी साडी नेसून आल्या होत्या. पिशवीत घावण्यांचा डबा. मी खरेदीदार, त्या विकणाऱ्या, पण लग्नाला आल्यासारखं त्यांनी मला आग्रह करकरून खायला लावलं. सुशांत फोनमध्ये डोकं घालून बसला होता.

त्यांना सही येत नाही. शाई लावून कागदावर अंगठा, मग यंत्रावर अंगठा, मग कॅमेऱ्यासमोर फोटो. शाईचा अंगठा त्यांनी केसांना पुसला. आमच्या शाखेतल्या बायकाही असंच करायच्या. बँकेत नियम होता, अंगठेवाल्या खातेदाराला मजकूर त्याला कळेल अशा शब्दांत वाचून दाखवायचा, समजला का विचारायचं, आणि मगच अंगठा घ्यायचा. वीस वर्षं मी हे रोज केलं. आज मनात म्हटलं, सुटले, आज हे काम माझं नाही.

अंगठ्याआधी एक गंमत झाली. आमचा टोकन नंबर पुकारला, मी उठले, तर जानकीबाईंनी माझं मनगट धरलं आणि विचारलं, ‘अकराच म्हयने मां गो बाय?’ मागे दोन पार्ट्यांचं भांडण चाललं होतं, खिडकीतला माणूस ओरडत होता. मी ‘हो हो’ म्हणाले. आमचा टोकन नंबर अकरा होता, त्याचंच काही विचारत असतील. मालवणी मला अर्धीच कळते. सुशांतने तेवढ्यापुरती मान वर केली, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा फोनमध्ये घातली.

नंतर किल्ली घ्यायला खोलीवर गेलो. फरशी चकचकीत पुसलेली. भिंतीवर धाकूंचा फोटो तसाच. मी आठवण करून दिली तर त्या म्हणाल्या, तो हयच रवांदे. सुशांत म्हणाला, मी नंतर नेतो. निघताना जानकीबाई दाराच्या चौकटीला हात धरून थांबल्या आणि खोलीकडे बघून म्हणाल्या, ‘येतंय हां.’ निघताना ‘जाते’ म्हणायचं नाही ही आपली सगळ्यांचीच रीत. घर विकून निघतानाही ती सुटत नाही, याचं कौतुक वाटलं. चौकटीवर त्यांच्या अंगठ्याचा जांभळा डाग उमटलाय, रंगाऱ्याला सांगायला हवं.

धडा: नोंदणीला जाताना सोबत पाण्याची बाटली न्यावी.

१३ डिसेंबर, बुधवार

पहिले भाडेकरू एक तारखेला आले, नवं जोडपं. आज सकाळी त्या मुलीचा रडत फोन. दार उघडलं तर उंबऱ्याबाहेर नारळाचं भकल, मूठभर भात आणि विझत आलेली पणती. काल अमावास्या होती. ती म्हणते, कुणीतरी करणी केलीय. मी तिला म्हटलं, भात चिमण्यांना घाल आणि नारळाची चटणी कर.

१२ जानेवारी २०२४, शुक्रवार

काल पुन्हा तेच, अमावास्येला. जोडप्याने आज किल्ली चंद्रप्रकाशच्या हातात दिली आणि निघून गेले. चंद्रप्रकाश मला फोनवर म्हणाला, मॅडम, रूममध्ये काहीतरी आहे, शांत करून घ्या, माझा ओळखीचा माणूस आहे. मी त्याला सांगितलं की आमच्या घरी बावीस प्रतिज्ञा भिंतीवर नुसत्या टांगलेल्या नाहीत. आमच्याकडे भुताला जागा नाही. आहे ती दीड खोली, तीही बाबांच्या पुस्तकांनी भरलेली.

बाबांना सांगितलं तर ते खूप हसले. मीही हसले. मग लक्षात आलं की या महिन्याचं भाडं गेलं.

१६ जानेवारी, मंगळवार

चोर सापडला. शेजारची शकु. पन्नाशीची, डबे पोचवते, तोंडाने फटकळ. मी तिला सरळ विचारलं तर तिने सरळ सांगितलं.

‘मीच ठेवते. जानकी मावशी सांगून गेलीय. ती येईपर्यंत दर अमावास्येला जागेची राखण द्यायची.’

जागा सांभाळणाऱ्याला म्हणे असं द्यायचं असतं, नाहीतर तो रुसतो. मी तिला म्हटलं, तुमच्या सांभाळणाऱ्याने माझे भाडेकरू पळवले. यावर ती माझ्याकडे जरा विचित्र बघत राहिली. मग म्हणाली, बरं, यापुढे मागच्या गल्लीत ठेवीन, तुझ्या भाडेकरूंच्या डोळ्यांवर नको. भांडायची तयारी करून गेले होते, ती फुकट गेली. जानकीबाईंचा जीव काही या खोलीतून सुटत नाही, एवढंच. विकलेल्या म्हशीच्या दावणीला आपण पेंड घालतो का?

धडा: शेजार आधी बघावा, भिंती मागाहून.

८ फेब्रुवारी, गुरुवार

खोली रंगवून घेतली. धाकूंचा फोटो पेपरात गुंडाळून माळ्यावर ठेवला. सुशांतला चार वेळा फोन केला, उचलत नाही. मानसीने, म्हणजे त्याच्या बायकोने, एकदा उचलला आणि म्हणाली, ते मीटिंगमध्ये आहेत. रविवारी सकाळी.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

रंगाऱ्याने चौकटीवर दोन हात मारले होते. आज बघितलं तर अंगठा पुन्हा वर आलाय. फिकट, पण रेषा मोजता येतील इतका स्पष्ट. रंगारी म्हणाला, जांभळी शाई आहे, ती वरच येणार, घासून काढावी लागेल. घासली. वर तिसरा हात मारला.

तो गेल्यावर रंग वाळेपर्यंत मी एकटी खोलीत बसून राहिले. भर दुपार, बाहेर पोरं क्रिकेट खेळत होती. मध्येच दाराशी कुणीतरी ‘येतंय हां’ म्हणाल्यासारखं वाटलं. उठून बघितलं तर कुणी नव्हतं. शकुचा टीव्ही असेल.

३ मार्च, रविवार

तीन मुलगे राहायला आले, एकाच कंपनीत आहेत. त्यांच्यातला सुयोग बोलका. विजेचं बिल अजून धाकूंच्या नावाने येतं. सुयोग म्हणाला, मॅडम, आमचे चौथे पार्टनर धाकूकाका वेळेवर बिल भरत नाहीत. मी हसले. रात्री जेवण झाल्यावर नाव बदलायचा फॉर्म काढला.

धडा: मीटरवरचं नाव पहिल्या महिन्यात बदलून घ्यावं. अजून घेतलेलं नाही. फॉर्म भरून ठेवलाय. ‘पूर्वीच्या धारकाची संमती’ तिथे जानकीबाईंचा अंगठा लागेल. बघू.

१९ मे, रविवार

सकाळी सुयोगचा फोन. मॅडम, आंबे एकदम झकास, थँक्यू. मला काही कळेना. मालवणच्या बसचा ड्रायव्हर पेटी देऊन गेला आणि म्हणाला, मालकीणबाईंनी खोलीतल्या भाडेकरूंना धाडलेत.

मी पाठवले नव्हते. पण मालकीण म्हटल्यावर मीच ना? मी म्हटलं, हो, खा रे पोरांनो.

मागून उलगडा झाला की जानकीबाईंनी धाडले. ड्रायव्हरने निरोपाचा घोटाळा केला. माझ्या वाटणीचे चार सुयोग आणून देऊन गेला. बाबांना आवडले. खोली विकून सहा महिने झाले तरी तिथे राहणाऱ्या परक्या पोरांना कोण आंबे पाठवतं? कोकणातली माणसं प्रेमळ असतात म्हणतात, ते खरं असावं.

२२ जून, शनिवार

जानकीबाईंचा गावाहून फोन. नंबर शकुने दिला. आधी बाबांची चौकशी केली, मग विचारलं, ‘भिंतीक ओल इली नाय मां? मोरीकडची भिंत बघ हां. धाकू दर वर्षी थय शिमीट लावी.’ मी म्हटलं, ओल आली होती, मी करून घेतलं. त्या फार कळवळल्या. म्हणाल्या, तुझो खर्च झालो, तो मी लक्षात ठेवतंय. त्यांनी कशाला लक्षात ठेवायचा? मग म्हणाल्या, ‘चारच म्हयने रवले आता.’

कशाला चार महिने राहिले ते विचारणार होते. पण विचारलं नाही, ‘हो ना’ म्हणाले आणि फोन ठेवला. गणपतीचं म्हणत असतील. नंतर कॅलेंडर बघितलं, गणपतीला अडीचच महिने आहेत.

हा फोन मला आवडला नाही. का ते सांगता येत नाही. त्यांचा आवाज छान आहे, आईसारखा.

१८ ऑगस्ट, रविवार

बाबांनी आज जुनी टेप लावली. अंबडजवळची आजोबांची चार एकर जमीन. ही गोष्ट मी शंभरदा ऐकली आहे, पण त्यांना ऐंशीव्या वर्षी दुसरं काय सांगायचं असतं?

आजोबांनी एका गावकऱ्याला जमीन तीन वर्षं खंडाने करायला दिली, असं त्यांना वाटलं. कागदावर अंगठा लावला. कागद वाचून दाखवला होता, पण वाचला एक आणि लिहिला दुसरा. तीन वर्षांनी बियाणं घेऊन गेले तर बांधावरच अडवलं. त्यानंतर दर पेरणीला आजोबा जाऊन त्या बांधावर उभे राहायचे, बोलायचे काही नाहीत. गाव म्हणायचं, राजारामच्या बापाला झपाटलंय. राजाराम म्हणजे बाबा.

नेहमीसारखं शेवटी बाबा म्हणाले, ‘म्हणून तुला आधी सही शिकवली, मग बाराखडी.’

ऐकता ऐकता मी उठून हात धुऊन आले. मग परत एकदा धुतले.

१५ सप्टेंबर, रविवार

मुलांना कंपनीने पुण्याला हलवलं. खोली रिकामी झाली. किल्ली घ्यायला गेले. चौकटीवर अंगठा आहे. आता रंगाऱ्याला बोलावणार नाही, तो तरी किती वेळा येईल.

चंद्रप्रकाशकडे दोन पार्ट्या तयार आहेत. मी त्याला म्हटलं, थांब जरा. तो म्हणाला, कशासाठी थांबायचं मॅडम, रिकामी खोली म्हणजे नुकसान. ते शिकवणीतही सांगितलं होतं. तरी थांब म्हणाले. बाबांच्या औषधांसाठी त्यांच्या नावावरची छोटी एफडी मोडावी लागेल.

हल्ली मी घाटकोपरहून मेट्रो बदलत बदलत तिकडे जाते, कुलूप उघडते, मोरीची भिंत हात लावून बघते आणि बसून राहते. काम काही नसतं. माळ्यावर पेपरात तो माणूस आहे, हे सारखं डोक्यात असतं. आपल्याच खोलीत आपण न विचारता शिरलोय असं वाटतं. भूत नसतं हे मला माहीत आहे. मग खोलीत हे जे आहे, त्याला काय म्हणायचं?

२ ऑक्टोबर, बुधवार

आज सर्वपित्री. खोलीवर गेले होते. शकु मागच्या गल्लीत पान वाढत होती. मला बघून म्हणाली, ‘बरं झालं गं पोरं गेली. वीस तारखेला मावशी येतेय. अकरा महिने भरले ना.’

मी विचारलं, कसले अकरा महिने.

‘भाड्याचे. तुला दिली होती ना खोली भाड्याने.’

घरी येऊन मागची पानं वाचली. टोकन नंबर अकरा होता, असं मी लिहून ठेवलंय. खाली पाण्याच्या बाटलीचा धडाही लिहिलाय.

३ ऑक्टोबर, गुरुवार

सुशांतने फोन घेतला, मी परक्या नंबरवरून केला म्हणून. आईला काय सांगितलंस म्हणून विचारलं. तो आधी गडबडला, मग एकदम मोकळा झाला, बरं वाटल्यासारखा. विरारला फ्लॅट बुक केला होता, पैसे कमी पडत होते, आई कधीच हो म्हणाली नसती. म्हणून भाड्याचं अ‍ॅग्रीमेंट आहे असं सांगितलं. पन्नास हजार डिपॉझिट म्हणून तिच्या हातात ठेवले, आणि महिन्याला पाच हजार भाडं म्हणून तो तिला पाठवतो. म्हणाला, हळूहळू सांगणार होतो.

मी त्याला फसवणूक हा शब्द वापरला. तो शांतपणे म्हणाला, ‘मॅडम, तिने तुम्हाला तोंडावर विचारलं होतं, अकराच महिने ना. हो तुम्ही म्हणालात, मी नाही.’

मी फोन ठेवला.

७ ऑक्टोबर, सोमवार

वकील म्हणतो, तुमचा कागद पक्का आहे. बाई कोर्टात गेली तरी वर्षानुवर्षं चालेल आणि फसवणूक तिलाच सिद्ध करावी लागेल. तुम्ही फक्त काही बोलू नका. चंद्रप्रकाश म्हणतो, आजच कुलूप बदला आणि पार्टी बसवा, रिकाम्या खोलीत म्हातारी शिरली तर काढता येणार नाही, वाट लागेल.

दोघांचंही बरोबर आहे. खोली परत द्यायची म्हटली तर पैसे सुशांतच्या विरारच्या भिंतीत गेले, माझ्या हाती धुपाटणं. मग बाबांचं काय करू? मी काही त्या बाईला फसवलं नाही. फक्त हो म्हणाले. गर्दीत माणूस हो म्हणतो.

अठ्ठावीस वर्षांत मी एकही अंगठा न वाचता घेतला नव्हता.

१९ ऑक्टोबर, शनिवार

कुलूप बदललं नाही. बाबांना काही सांगितलं नाही. पिशवीत खरेदीखताची प्रत ठेवली. काढली. पुन्हा ठेवली.

२० ऑक्टोबर, रविवार

सकाळी नऊलाच जाऊन बसले. दहाच्या सुमाराला त्या आल्या. एका हातात गाठोडं, दुसऱ्यात कोकमाची बरणी, मागून शकु डोक्यावर तांदळाची पिशवी घेऊन. दारातच माझ्या गालांवरून हात फिरवला. ‘इलंय गो,’ म्हणाल्या. शकुला पाठवून दिलं आणि घरभर फिरल्या. मोरीची भिंत दाबून बघितली. रंग बरा लावलास म्हणाल्या. रिकाम्या खिळ्यापाशी थांबल्या, तेव्हा मीच स्टूल घेऊन माळ्यावरून फोटो काढला. पेपर सोडून त्यांच्या हातात दिला. त्यांनी पदराने काच पुसली.

मग खाली बसल्या आणि गाठोड्यातून रुमालाची पुरचुंडी काढली.

‘तुझा डिपॉझिट. एक रुपयो मोडूक नाय. मोजून घे.’

पाचशेच्या नोटा, बँकेचं लेबल तसंच. वर दोन हजार वेगळे, मोरीच्या शिमीटाचे. अकरा महिने या बाईने माझे म्हणून ते पैसे सांभाळले होते. म्हणाल्या, भाडेकरू बरी गावली, देवानंच धाडली.

वकील म्हणाला होता, काही बोलू नका. मी पिशवीतून कागद काढला. चष्मा लावला. आणि मग जे काम मला येतं ते मी केलं. पहिल्या ओळीपासून वाचलं. कायद्याचं एकेक वाक्य मोडून साध्या मराठीत सांगितलं. मी जानकी, धाकूची बायको, ही खोली रश्मीला कायमची विकली. आता माझा हिच्यावर हक्क नाही, माझ्या मुलाचाही नाही. शेवटच्या पानावर त्यांचा अंगठा आणि फोटो दाखवला. फोटोत त्या हसताहेत. मग विचारलं, समजलं का?

बाहेर पोरं ओरडत होती. जानकीबाई फोटोतल्या स्वतःकडे बघत राहिल्या.

‘सुशांताक ह्यां ठावक आसा?’

हो म्हणाले.

‘आणि तुका?’

मी सांगितलं की त्या दिवशी मला ठाऊक नव्हतं. पण तुम्ही विचारलं होतंत, आणि मी न ऐकता हो म्हणाले. नंतर कळत होतं, तरी मी कळून घेतलं नाही. आंब्यांच्या वेळीही नाही, तुमचा फोन आला तेव्हाही नाही. मला रडू आलं. त्या रडल्या नाहीत. मग उठल्या, फोटो खिळ्याला लावला, सरळ केला, आणि त्याच्याकडे पाठ करून माझ्यासमोर बसल्या. पुरचुंडी हाताने माझ्याकडे सरकवली.

‘ह्यां रवांदे तुझ्याकडे. आता ह्यां माझा डिपॉझिट. माका खोली भाड्यान दी.’

मी म्हटलं, भाडं नको, तुम्ही राहा, हवं तितकं राहा. तेव्हा त्या पहिल्यांदा चिडल्या.

‘फुकट रवाक मी काय भूत आसंय?’

सुशांत महिन्याला पाच हजार धाडता, म्हणाल्या, तेच तुका देतलंय. तुझ्या बापाशीचा औषध आसा. मी म्हटलं, सुशांतशी मी बोलते, त्याला जाब विचारते. त्यांनी माझं मनगट धरलं, नोंदणी कार्यालयात धरलं होतं तसंच.

‘तेका सांगू नको माका कळलां म्हणान. तो पैशे धाडता तवर फोन तरी करता.’

मी बरं म्हणाले.

कागद हवा म्हणाल्या, तोंडाच्या बोलीवर आता इस्वास नाय. मी या डायरीचं मागचं कोरं पान फाडलं आणि लिहिलं. भाडेकरू जानकी, मालक रश्मी, भाडं पाच हजार, दर महिन्याच्या पाच तारखेला. मुदतीच्या जागी मी ‘जानकीबाई हयात असेपर्यंत’ लिहायला घेतलं, तर त्यांनी थांबवलं. अकरा महिने लिव, सगळ्यांका लिवतत तसाच. पुढचा पुढे बघू. मी अकरा महिने लिहिलं. सगळं वाचून दाखवलं. समजलं का विचारलं. समजलां म्हणाल्या. शाईचं पॅड नव्हतं, म्हणून त्यांच्या अंगठ्यावर मी बॉलपेनने रेघोट्या ओढल्या. त्यांचा अंगठा थंडगार होता. अंगठा लावून झाल्यावर त्यांनी तो केसांना पुसला.

मला पोचवायला दारापर्यंत आल्या, चौकटीला हात धरून उभ्या राहिल्या. जांभळ्या अंगठ्याच्या शेजारी आता एक निळा उमटलाय.

मी ‘येते’ म्हणाले. जिभेवर तोच शब्द होता, दुसरा आपल्याकडे नाही.

‘ये हां,’ त्या म्हणाल्या. ‘पाच तारखेक ये.’

घरी आल्यावर बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, ‘वाचून दाखवलंस ना?’ मी हो म्हणाले. चांगलं केलंस म्हणाले आणि औषधाची डबी माझ्याकडे सरकवली. गोळ्या संपल्या आहेत.

पाच नोव्हेंबरला मंगळवार आहे. त्या दिवशी मी जाईन, दार वाजवीन, आणि आतून त्या विचारतील, कोण आसा?